कौसाक्काचं नाक

गेवराईच्या मुलींच्या शाळेत मी विज्ञान शिकवायला रुजू झाले तो श्रावणातला दिवस होता. प्रयोगशाळेचं कुलूप उघडून एक ठेंगणी, गव्हाळ रंगाची बाई दारातच थांबली. पदर कमरेला खोचलेला, हातात किल्ल्यांचा जुडगा. आत पाऊल न टाकता तिनं डोळे मिटून एक लांब श्वास घेतला आणि म्हणाली, "तिसऱ्या फळीवरच्या अमोनियाचं बूच ढिलं झालंय."

मी जाऊन पाहिलं. खरंच ढिलं होतं. मला स्वतःला बाटली हातात घेईपर्यंत काही जाणवलं नव्हतं. बूच घट्ट बसवून वळले, तर बाईंची नजर माझ्या पिशवीवर.

"मॅडम, डब्यात फ्लावर आणलाय का तुमी?"

"हो. का?"

"श्रावणात?"

आम्लात पाणी ओतताना एखाद्या मुलीला पकडावं, तसा तो प्रश्न होता. मधल्या सुट्टीत त्यांनी स्वतःचा डबा माझ्यासमोर सरकवला. ज्वारीची भाकरी आणि अंबाडीची भाजी. पाला उकडून, पिळून, ज्वारीच्या कण्यांबरोबर शिजवलेला, आणि वर लसणाची चरचरीत फोडणी. मी सांगलीकडची. आमच्याकडे अंबाडी होते, पण अशी नाही. दोन घासांनंतर माझा फ्लॉवर मी पुन्हा उघडला नाही.

त्या कौसाक्का. नाव कौसल्या, हुद्दा प्रयोगशाळा परिचर, आणि सगळ्या गल्लीची आक्का. महिन्याभरात त्यांच्याच घराच्या माडीवरची खोली मी भाड्यानं घेतली आणि पुढची सहा वर्षं त्यांच्या फोडणीच्या वासावर माझी सकाळ उजाडली.

त्यांचा स्वयंपाकाचा कायदा एका ओळीचा होता. "ज्याचा महिना, त्याचं ताट." पावसाळ्यात रानात आपोआप उगवणारा तांदुळजा, चिगळ, पाथरी. थंडीत शेपू, चुका, हरभऱ्याचा कोवळा पाला आणि मग सोलाण्याची, म्हणजे ओल्या हरभऱ्याच्या दाण्यांची आमटी. उन्हाळ्यात कैरी आणि वाळवणं. टोमॅटो बारमाही मिळतो हे त्यांना ठाऊक होतं, पण त्यांच्या लेखी तो बारमाही पाहुणा होता, त्याला मान नव्हता. "रोज येणाऱ्याला कोन पाट मांडतंय?" असं त्या म्हणायच्या.

कुठलीही गोष्ट त्या आधी हुंगायच्या आणि मग बघायच्या. मेथीची जुडी नाकाशी धरून ती विहिरीच्या पाण्यावरची की कॅनॉलच्या, हे सांगायच्या. ते खरं असायचं की नाही कोण जाणे, पण विकणारा माणूस दचकायचा एवढं मी पाहिलं आहे. गल्लीत कुणाची डाळ लागली, कुणी तूप कढवायला ठेवून विसरलं, हे त्यांना ओट्यावर बसून कळे. मग तिथूनच हाक जायची, "आगं ए शोभे, तूप बघ!" आणि पलीकडच्या घरात धावपळ व्हायची.

समोरच्या घरात शब्बीरभाई राहायचे. फळांचा गाडा लावायचे. ज्या दिवसांत जे फळ, ते त्यांच्या गाड्यावर. गाडा बाजारात नेण्याआधी तो कौसाक्कांच्या दारावरून जायचा आणि आक्का ओट्यावर असतील तर शब्बीरभाईंचे पाय आपोआप मंद व्हायचे. एकदा त्यांनी हंगाम धरायच्या आधीच सीताफळं आणली. आक्का खाली उतरल्या, एक फळ उचललं, देठाशी नाक नेलं आणि परत ठेवलं.

"शब्बीरभाई, डोळे उघडले न्हाईत आजून ह्याचे. झोपलेलं लेकरू उचलून आणलंय तुमी."

"दो दिन में पकता आक्का, भुस्से में रख के."

"पिकंल. गोड व्हायचं न्हाई."

शब्बीरभाई माझ्याकडे वळून म्हणाले, "देखो मॅडम. आक्का के सामने माल लाए तो पेपर देनेकू बैठे सरीखा लगता." पण दोन आठवड्यांनी बालाघाटाच्या डोंगरातली, डोळे उघडलेली पहिली सीताफळं आली, तेव्हा त्यातली सगळ्यात थोराड चार त्यांनी गाडा बाजारात जायच्या आधी आक्कांच्या ओट्यावर आणून ठेवली. आक्कांनी ती हुंगली आणि मान डोलवली. एवढ्यानं शब्बीरभाईंचा दिवस चांगला गेला असावा.

आक्कांचे यजमान नाना. एसटीच्या डेपोत मेकॅनिक होते, मी आले तेव्हा नुकतेच निवृत्त झालेले. उंच, वाळलेले, अतिशय कमी बोलणारे. जेवताना ते रोज एकच शब्द बोलायचे. "मीठ." किंवा "पाणी", म्हणजे आमटी पातळ झाली आहे. किंवा "घाई", म्हणजे भाकरी नीट भाजू दिली नाही. शब्द टाकला की ते मुकाट्यानं जेवायचे आणि आक्का पुढची दहा मिनिटं त्या एका शब्दाला उत्तर देत बसायच्या.

"अडोतीस वर्सं झाली मॅडम," त्या मला सांगायच्या, "ह्या मानसानं एक दिवस 'चांगलं झालं' म्हनलं न्हाई. सांगा, कसं काढलं आसंल मी?"

पण नानांच्या ताटात कधी शीतही उरलेलं मी पाहिलं नाही.

सगळ्या वर्षाचा कळस म्हणजे येसर. गहू, बाजरी, हरभऱ्याची डाळ, धने, जिरे, आणखी आठदहा मसाले, प्रत्येक वेगळं भाजायचं आणि मग एकत्र दळायचं. ते पीठ पाण्यात कालवून फोडणीला टाकलं की दाट, तांबूस आमटी होते. आमच्या गल्लीत लग्नाचं जेवण येसराच्या आमटीशिवाय होत नसे, आणि येसर आक्कांच्या हातचं नसेल तर त्याला येसर म्हणत नसत. दिवाळी झाली, तुळशीचं लग्न लागलं की आक्कांच्या अंगणात चूल पेटायची. बायका आपापला जिन्नस घेऊन यायच्या, पण कढईपाशी आक्काच. "येसर नाकानं भाजतेत," त्या म्हणायच्या. "डोळ्याला कळंस्तोर उशीर झालेला आसतोय."

मग कोरोनाची दुसरी लाट आली. आक्का बीडला दवाखान्यात नऊ दिवस होत्या. नाना रोज बाहेरच्या झाडाखाली बसून यायचे, आत कुणाला सोडत नव्हते. आक्का परत आल्या तेव्हा अर्ध्या झाल्या होत्या, पण तिसऱ्याच दिवशी त्यांनी चूल हातात घेतली. गल्लीला हायसं वाटलं. मलाही. भाजी पूर्वीसारखी लागत नव्हती, कधी मीठ फार, कधी नाहीच. मी मनात म्हटलं, अशक्तपणा आहे, होईल नीट.

आषाढातली गोष्ट. शाळा बंदच होती, मी माडीवरून मोबाइलवर वर्ग घ्यायचे. अकराच्या सुमारास वर्ग संपवून खाली आले आणि जिन्यातच थबकले. गॅसचा उग्र वास. धावत स्वयंपाकघरात गेले, तर ओट्यावर दूध उतू जाऊन शेगडी विझलेली, बटण तसंच चालू, आणि आक्का दोन हातांच्या अंतरावर, शेगडीकडे पाठ करून तांदुळजा निवडत बसलेल्या. मी पोचले त्याच क्षणी त्या उठल्या, काडेपेटी उचलली आणि दुसऱ्या शेगडीकडे वळल्या.

"आक्का! काडी ओढू नका!"

मी इतक्या जोरात ओरडले की पेटी त्यांच्या हातून पडली. बटण बंद केलं, दारं-खिडक्या सताड उघडल्या, आक्कांना दंडाला धरून अंगणात आणलं. दोघीही पायरीवर बसलो. त्या माझ्याकडे नुसत्या बघत होत्या, काय झालं ते न कळल्यासारख्या. आणि मग त्यांना कळलं.

"तुम्हाला वास आला नाही?" मी विचारलं.

त्या पदराचं टोक बोटाभोवती गुंडाळत राहिल्या.

"न्हाई," त्या म्हणाल्या. "दवाखान्यातून आल्यापून न्हाई. वासबी गेलाय आन चवबी. मातीवानी लागतंय समदं."

"नानांना माहीत आहे?"

"न्हाई. आन तुमी बी सांगायचं न्हाई."

"पण का आक्का?"

"कावून म्हंजे? आवो, मला दुसरं येतंय काय?"

मी त्यांना डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी सांगितलं की गेलेला वास कुणाचा महिन्यात येतो, कुणाचा वर्षात, वाट बघा. गॅसचं बटण बंद केलं की दर वेळी रेग्युलेटरही बंद करायचा, एवढं मी आक्कांकडून वदवून घेतलं. आणि दुसऱ्या दिवसापासून आमचा एक गुप्त व्यवहार सुरू झाला. सकाळी नाना फिरायला गेले की आक्का वाटीत भाजी घेऊन माडीवर यायच्या.

"खारट का आळनी?"

"जरा तिखट वाटतंय."

"ते तुमच्या जिभंचं झालं. भाजीचं सांगा."

मी पुन्हा घास घ्यायची. माझी जीभ सांगलीची, त्यांची भाजी बीडची. मी 'बरोबर' म्हटलेलं त्यांना पटायचं नाही आणि न पटण्याचं कारणही त्यांना चाखता येत नव्हतं. त्या कानावर आणि हातावर स्वयंपाक करू लागल्या. मोहरी तडतडून गप्प झाली की जिरं. लसणाची कड तांबूस झाली की बास. पीठ मळताना तर त्यांना नाक-जीभ लागतच नव्हती, भाकरी पूर्वीइतकीच टम्म फुगायची. पण ओट्यावरून कुणाला हाक जाईना. शब्बीरभाईंचा गाडा दारावरून जाताना आक्का आत असायच्या. एकदा जांभळं घेऊन शब्बीरभाई मुद्दाम थांबले, हाक मारली. आतून आवाज आला, "चांगलीच आसतेल. न्या बाजाराला." शब्बीरभाई माझ्याकडे बघत राहिले.

"आता हात करतेत स्वैपाक," आक्का मला एकदा म्हणाल्या. "मी न्हाई."

भाद्रपदात एका रविवारी त्यांनी मला जेवायला बोलावलं. पिठलं, भाकरी, कांदा. नाना नेहमीच्या जागी बसले होते. मी पहिला घास तोंडात घातला आणि तो गिळता येईना. पिठल्यात एवढं मीठ की डोळ्यांत पाणी आलं. मी आक्कांकडे पाहिलं. त्या माझ्याकडे बघतच नव्हत्या. त्या नानांकडे टक लावून बघत होत्या.

नाना जेवत होते. एक घास, वर पाण्याचा घोट. दुसरा घास, पुन्हा पाणी. तांब्या रिकामा झाला. त्यांनी स्वतः उठून तो भरून आणला आणि परत बसून जेवू लागले. चेहऱ्यावर काही नाही.

"आवो," आक्का म्हणाल्या. "मीठ कसं हाय?"

"बरोबर हाय."

"दोन मुठी घातलंय मी. मुद्दाम."

नानांचा हात ताटात थांबला.

"तीन महिने झाले, तुमी एक शब्द बोलला न्हाईत जेवताना," आक्का म्हणाल्या. त्यांचा आवाज चिरकला होता. "काल रातच्याला ध्यानात आलं माझ्या. मीठ न्हाई, पानी न्हाई, घाई न्हाई. कवापून ठावं हाय तुमाला?"

"पयल्या दिवसापून," नाना म्हणाले. "दवाखान्यातून आल्यावर तू च्या केलतास. साखरंच्या जागी मीठ घातलतंस."

"आन तुमी पिलात?"

"पिलो."

"मग बोलला कावून न्हाईत?"

नानांनी भाकरीचा तुकडा मोडला, पिठल्यात बुडवला. "तू तरी कुटं बोललीस?"

आक्का रडायला लागल्या. मला उठून जावं की बसावं कळेना. नाना उठले नाहीत, समजूतही घातली नाही. त्यांनी ताटातलं उरलेलं पिठलं खाल्लं. मग हात धुऊन आले आणि पहिल्यांदाच मी त्यांच्या तोंडून लागोपाठ चार वाक्यं ऐकली. म्हणजे चार नव्हेत, पण त्यांच्या मानानं फारच.

"दिवाळी झाली की येसर करू," ते म्हणाले.

"मला वास येतोय का?"

"मला येतोय."

"तुमाला भाजता येतंय का?"

"तुला येतंय."

गल्लीतल्या बायकांना आक्कांनी "औंदा पाठ दुखतीय, येसर न्हाई" असं सांगून ठेवलं होतं. तुळशीचं लग्न झालं आणि एका सकाळी अंगणात चूल पेटली. आक्का कढईपाशी. शेजारी लाकडी स्टुलावर नाना, पाठ ताठ, डोळे मिटलेले. जुन्या बसचं इंजिन ऐकताना ते असेच बसायचे, असं आक्का म्हणाल्या.

पहिला घाणा गव्हाचा. आक्का परतत होत्या.

"उतरव," नाना म्हणाले.

"आजून रंग कुटं आलाय?"

"उतरव म्हनतो ना."

"आवो, मी हयात काढली ह्यात..."

एवढ्यात गहू करपले. तो वास मलाही आला. आक्कांनी कढई उतरवली, काळपटलेले दाणे बघितले आणि आधी कपाळाला हात लावला. मग हसायला लागल्या. किती महिन्यांनी हसत होत्या. नाना हसले नाहीत. ते एवढंच म्हणाले.

"आयकत जा."

त्यानंतर त्या ऐकू लागल्या. बाजरी. डाळ. धन्याला नानांनी हात वर करून थांबवलं, "कच्चं हाय... थांब... आता." आक्कांचा झारा थांबे, कढई उतरे. लवंग, दगडफूल, खोबरं. मधेच आक्का म्हणायच्या, "आता दाल्चिनी टाकते, ध्यान ठेवा," आणि नाना नाक पुढं काढायचे. त्या दोघांना एकत्र काही करताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. त्या माणसानं इतकी वर्षं काय खाल्लं ते सगळं त्याच्या नाकात जसंच्या तसं होतं. मी ताटं पुसत होते आणि भाजलेले जिन्नस पसरून ठेवत होते, तेवढंच माझं काम.

दुपारी शब्बीरभाई रिकामा गाडा ढकलत परत आले. वळणावरच थांबले आणि तिथूनच ओरडले, "क्या बास छूटी आक्का! नुक्कड तक आ रही!"

आक्का झारा हातात धरून उठल्या. "कसली बास? सांगा बरं नीट."

"और काय की? तुम्हारे येसर की!"

आक्कांनी पदर तोंडाला लावला आणि आम्हा सगळ्यांकडे पाठ करून, उगीचच, चुलीतलं लाकूड पुढं सारलं. संध्याकाळपर्यंत गल्लीतल्या बायका डबे घेऊन दारात होत्या. पाठ कशी काय बरी झाली, हे कुणी विचारलं नाही.

वास परत आला तो माघ महिन्यात. आला तो कसा, हे मी कुणाला सांगितलं तर हसतात. सकाळी सात वाजता आक्का धडधडत जिना चढून माझ्या दारात. धाप लागलेली, केस सुटलेले.

"मॅडम! गटारीचा वास आला!"

"काय?"

"आवो गटारीचा! मागच्या दाराला गेल्ते, भांडी घासायला. आन आला की हो! कसली घान सुटलीय, या तुमी, बघा या!"

मला ओढत त्यांनी मागच्या दारी नेलं. गटार तुंबलेली होती, वास खरोखर असह्य होता. नाना आधीच तिथं येऊन उभे होते. आक्का गटारीच्या काठावर उभ्या राहून मोठे मोठे श्वास घेत होत्या, आणि आम्ही दोघं नाकाला कापड लावून त्यांच्याकडे बघत होतो. नंतरच्या महिन्यांत एकेक वास सुटा सुटा परत आला. आधी रॉकेल, मग कांदा. कोथिंबीर कितीतरी दिवस साबणासारखी येत राहिली, तेव्हा त्यांनी ती घरात आणणं बंद केलं. लसूण आला त्या दिवशी त्यांनी गल्लीत गूळ वाटला.

आणि एका दुपारी, मी खाली वर्तमानपत्र घ्यायला गेले असताना, आतून नानांचा आवाज आला.

"मीठ."

मग आक्कांचा आवाज असा काही चढला, की समोर शब्बीरभाईंच्या घरातून नजमाभाभी दारात आल्या. मीठ किती घातलं, कोणत्या चमच्यानं घातलं, नानांच्या आईच्या हातचं कसं असायचं, डेपोच्या कँटीनमध्ये काय मिळायचं, सगळं निघालं. पंधरा मिनिटं झाली तरी थांबेना. नजमाभाभी माझ्याकडे बघून हसल्या आणि आत गेल्या.

पुढं मला आमच्या भागात नोकरी मिळाली आणि मी गेवराई सोडली. त्याच वर्षी आक्का निवृत्त झाल्या. फोनवर बोलणं व्हायचं, बहुतेक वेळा "आज काय केलंय?" एवढंच. दोन हिवाळ्यांनंतर मी काही कामानं छत्रपती संभाजीनगरला निघाले होते. गेवराई आली आणि मी मनात नसताना उतरले. घराला कुलूप होतं. नजमाभाभी म्हणाल्या, आक्का-नाना तलवाड्याला आक्कांच्या भावाच्या रानात गेलेत, हुरड्याचे दिवस आहेत. मग मी तलवाड्याची जीप धरली.

ज्वारी डोक्याएवढी उभी होती. बांधाशेजारी जमिनीत खड्डा करून गोवऱ्यांची आगटी पेटवलेली, भोवती पंधरावीस माणसं, त्यांत नानाही. मधोमध आक्का. केस आता सगळे पांढरे, गालाला राखेचा फराटा, पदर कमरेला. निखाऱ्यातून कणीस ओढून त्या उघड्या हातांवर चोळायच्या, फुंकर मारून भुसा उडवायच्या आणि हिरवे, वाफाळते दाणे समोरच्याच्या ओंजळीत टाकायच्या. एकाची ओंजळ भरली की दुसरं कणीस. त्यांना मी दिसले. त्यांनी ना आश्चर्य दाखवलं, ना मिठी मारली.

"आलात? बसा. हात पुढं करा."

मी हात पुढं केला. दाणे इतके गरम की ते या तळव्यावरून त्या तळव्यावर घ्यावे लागत होते.

"खा आदी. हुरडा गार झाला की मेला. बोलू मंग."

शेंगदाण्याची चटणी, गूळ, दही, सगळं हारीनं मांडलेलं होतं. मी खात बसले. बोलणं काही झालं नाही. माणसं येत राहिली, ओंजळी पुढं होत राहिल्या. आक्का मधेच पिकाकडे तोंड करून कुणाला तरी ओरडत होत्या, "ते न्हाई, ते निबर झालंय! दुधाळ बघून आन, दुधाळ!" उन्हं कलली तशी माझी परतीची जीप बांधावर येऊन भोंगा वाजवू लागली. मी उठले. निरोप घ्यावा म्हणून जवळ गेले, तर त्यांच्या दोन्ही हातांत कणीस होतं आणि समोर एका म्हातारबाबांची थरथरती ओंजळ धरलेली.

"आक्का, येते मी."

"हां, जावा नीट," त्या म्हणाल्या. मागं वळल्या नाहीत. हात मोकळे नव्हते. कणीस चोळलं, तोंडाजवळ नेलं आणि जोरात फुंकर मारली. भुसा उन्हात उडाला. हिरवे दाणे तेवढे तळव्यावर राहिले, आणि ते म्हातारबाबांच्या ओंजळीत गार व्हायच्या आत पडले.